चिमीच्या छातीतली गाठ

माझी मुलगी तेरा दिवसांची होती तेव्हा तिच्या डाव्या छातीतून पू काढावा लागला. हे लिहायला मला सात वर्षं लागली. कारण लिहायचं म्हणजे माझ्या आईबद्दल लिहायचं, आणि ज्यांनी मलाही पायावर घेऊन न्हाऊ घातलं होतं त्या मालिशवाल्या मावशींबद्दल लिहायचं. दोघींचाही चिमीवर जीव होता. हात मात्र त्यांचेच होते.

2018 चा जुलै. पहिलं बाळंतपण म्हणून मी माहेरी, मुंबईत काळाचौकीला. चाळीतली एक खोली आणि पोटमाळा. बाहेर गॅलरीत दोरीवर लंगोट वाळत नाहीत म्हणून आई ते इस्त्रीने सुकवायची. प्रसूती हॉस्पिटलात नीट झाली, तिसऱ्या दिवशी घरी आलो. चौथ्या दिवशी चिमीला पुसताना मला तिची छाती सुजल्यासारखी दिसली. दोन्ही बाजूंना, सुपारीएवढी टणक गाठ. दुपट्यावर रक्ताचा एक थेंबही पडला होता. मी घाबरून आईला हाक मारली. आईने पाहिलं आणि हसली. "काही नाही गं, दूध उतरलंय तिला. तुलाही असंच होतं. मावशी आल्या की काढतील."

"काढतील" म्हणजे काय, हे मी विचारलं नाही. आजही मला सगळ्यात जास्त तेच टोचतं. मी बँकेत नोकरी करणारी बाई, कर्ज मागायला आलेल्याला दहा प्रश्न विचारते. स्वतःच्या लेकीच्या बाबतीत एकही विचारला नाही.

पाचवी झाली आणि मावशी यायला लागल्या. सत्तरीच्या, शिवडीहून चालत यायच्या. पाटावर बसायच्या, पाय लांब करायच्या, लुगडं गुडघ्याच्या वर खोचून बाळाला पायांच्या खळग्यात निजवायच्या. खोबरेल तेल कोमट करून अंगभर, मग डाळीच्या पिठात साय आणि हळद कालवून ते लावायचं, मग कढत पाणी. टाळू तेलाने भरायची, दोन थेंब कानात, एकेक नाकात. नाक चिमटीत धरून वर काढायचं. शेवटी शेगडीवर ओवा, वावडिंग आणि धूप टाकून बाळाला त्या धुरावर फिरवायचं. चिमी खोकायची, मग दमून गाढ झोपायची. ती झोप बघून आई समाधानाने म्हणायची, "बघ, कशी निवली."

दुसऱ्या दिवशीपासून मावशी तिची छाती पिळायला लागल्या. अंगठा आणि तर्जनी, दोन्ही बाजूंनी दाब. पांढरट पाण्यासारखा थेंब यायचा. "हे विषारी असतं बाळ, आत राहिलं की गाठ धरते," त्या मला समजावायच्या. "मुलीची जात. पुढे छाती बेढब होते. तुझ्या वेळीपण मीच काढलं होतं." चिमी किंचाळायची. मालिश करताना रडणं वेगळं असतं, ते रडणं वेगळं होतं. मला ते कळत होतं. माझं दूध त्या आवाजाने आपोआप झरायला लागायचं, पुढचा गाऊन भिजायचा. आणि तरी मी पलंगावर बसून राहिले, रोज, सहा दिवस.

बाराव्या दिवशी बारसं होतं. खोलीत आणि गॅलरीत मिळून चाळीस माणसं. पाळणा हलवताना चिमी सारखी रडत होती, पाजायला घेतलं तर दोन घोट घेऊन तोंड फिरवत होती. दृष्ट लागली असं सगळ्यांचंच मत पडलं. आईने मीठ-मोहरी ओवाळून टाकली, गालावर काजळाची तीट मोठी केली. संध्याकाळी माणसं पांगल्यावर मी तिचं झबलं काढलं तर डावी छाती लालभडक. उजव्या छातीच्या दुप्पट, आणि हात लावला तर गरम. आईने हळद आणि चुन्याचा लेप लावला. रात्री तिचं सगळं अंगच तापलं. दोन वाजता भावाने थर्मामीटर शोधून काढला. 101. मी म्हटलं, आत्ताच जाऊ. आई म्हणाली, एवढ्या पावसात कुठे नेतेस तान्ह्या पोरीला, उजाडू दे.

उजाडेपर्यंत थांबलो. महिन्याच्या आतल्या बाळाला ताप म्हणजे एक तासही थांबायचं नसतं, हे मला दुसऱ्या दिवशी कळलं.

सकाळी हिंदमात्याला पाणी भरलं होतं आणि गाड्या लालबागपर्यंत तुंबल्या होत्या. टॅक्सी भारतमाताच्या सिग्नलला अडकली ती हलेचना. भावाने छत्री धरली, मी चिमीला पदराखाली घेतलं आणि आम्ही चालत निघालो. बाळंतीण तेरा दिवसांची, टाके ओले. आई मागून प्लास्टिकच्या पिशवीत दुपटी घेऊन येत होती. ती रस्ताभर एक शब्द बोलली नाही. नवरा डोंबिवलीहून निघाला होता, गाड्या बंद म्हणून कुर्ल्यापासून रुळांवरून चालत आला, तो दुपारी पोचला. तोवर सगळ्या कागदांवर मीच सह्या केल्या होत्या.

हॉस्पिटलमध्ये एक तरुण डॉक्टर मुलगी होती. रात्रभराची ड्युटी असावी, डोळे सुजलेले. तिने लेप पुसला, छातीवर दोन बोटं ठेवली आणि लगेच वर न बघता विचारलं, "पिळलंय का हे?"

खोलीत आम्ही तिघं. कोणी बोलेना. मग आईच म्हणाली, "हो. दूध काढायचं असतं ना."

मला वाटलं आता ही डॉक्टरीण आईवर ओरडणार. ती ओरडली नाही. तिने कागद पुढे ओढला आणि एकेक विचारत गेली, जणू वजन आणि उंची लिहून घेतेय. जन्मल्यावर मध चाटवला? हो, बोटाने. पहिलं चिकाचं दूध दिलं? नाही, आईने दोन दिवस पिळून टाकायला लावलं होतं. घुटी? हो, सातव्या दिवसापासून, मुरडशेंग, वेखंड, जायफळ, बाळहिरडा, सहाणेवर उगाळून. पाणी उकळलेलं? आई गप्प. काजळ? हो. डोळ्यांत? हो. कानात तेल, नाकात तेल? हो. धुरी? हो. नाळेला काय लावलं? काहीच नाही. "हे छान केलंत," ती म्हणाली, आणि त्या एका वाक्यावर आईला रडू फुटलं.

तो कागद मी अजून विसरले नाही. दहा-अकरा प्रश्न आणि जवळजवळ सगळ्यांना "हो". यातली कुठलीच गोष्ट आम्हाला औषध वाटली नव्हती, उपचार तर नाहीच. ती बाळंतपणाची रीत होती. घरात विचारून ठरवतात त्या उपचारांच्या यादीत मालिश आणि घुटी कधी येतच नाही, म्हणून त्यांच्याबद्दल शंकाही येत नाही.

मग तिने मला समजावून सांगितलं. पोटात असताना आईच्या अंगातली इस्ट्रोजेनसारखी संप्रेरकं वारेतून बाळाकडे जातात. त्यांच्यामुळे बाळाची छाती सुजते, मुलीची तशी मुलाचीही. कधीकधी दुधासारखा थेंब येतो. मुलींना दोन-चार दिवस रक्ताचा थेंब जातो तोही त्याच्यातलाच. नाळ तुटली की ती संप्रेरकं हळूहळू उतरतात आणि सूज काही आठवड्यांत आपणहून जिरते. काही करायचं नसतं. दाबायचं नाही, शेकायचं नाही, चोळायचं नाही. पिळलं की कोवळ्या कातडीला आणि आतल्या नळ्यांना इजा होते, हातावरचे जंतू आत शिरतात आणि पू होतो. आणि पिळल्याने ते दूध थांबत तर नाहीच, उलट जितकं पिळाल तितकं येत राहतं. बाळाला पाजणाऱ्या कुठल्याही बाईला हे शेवटचं वाक्य लगेच कळावं. मला त्या क्षणी कळलं, आणि फार उशिरा कळलं.

चिमीच्या हाताला सलाईन लावायला तीन वेळा टोचलं, शीर सापडेना. पुठ्ठ्याच्या तुकड्यावर तिचा हात चिकटपट्टीने बांधला. रक्त तपासायला गेलं. एवढ्या लहान बाळाला ताप आला की जंतू मेंदूपर्यंत गेलेत का हेही पाहावं लागतं, त्यासाठी पाठीतलं पाणी काढलं. आई "पाठीत सुई नको" म्हणून हात जोडत होती. सही करताना मी आईकडे बघितलं नाही. तो रिपोर्ट चांगला आला. सोनोग्राफीत डाव्या छातीत पू साठलेला दिसला. आधी सुईने ओढून काढला, पण दुसऱ्या दिवशी परत भरला. मग ऑपरेशन थिएटरमध्ये नेऊन छोटा छेद द्यावा लागला. त्या पुवात स्टॅफिलोकॉकस ऑरियस नावाचे जंतू सापडले. आपल्या कातडीवर आणि नाकात एरवीही राहणारे, अगदी साधे.

छेद देण्याआधी सर्जन माझ्याशी बोलले ते मला शब्दाशब्दाने आठवतं. ते म्हणाले, मुलगी आहे म्हणून मी खाली, कडेला, बोंडीपासून लांब छेद घेतोय. बोंडीच्या मागे एक इवलीशी कळी असते. वयात येताना छाती त्या कळीतून वाढते. ती वाचवायची आहे. मी विचारलं, वाचेल ना? ते म्हणाले, प्रयत्न पूर्ण आहे, पण खात्रीने ती वयात येईल तेव्हाच सांगता येईल.

मावशी म्हणत होत्या, नाही पिळलं तर पुढे छाती बेढब होते. मी थिएटरच्या बाहेरच्या बाकावर बसून तेच वाक्य घोळवत राहिले. ज्याच्या भीतीने पिळलं, तेच पिळण्याने होऊ शकत होतं.

वॉर्डात नऊ दिवस होतो. चिमीला ओढायची ताकद नव्हती तेव्हा दूध काढून वाटी-चमच्याने पाजलं. शेजारच्या खाटेवर एक महिन्याचा मुलगा होता, सतत धाप लागलेला. नाकात रोज तेल घालायचे, ते फुप्फुसात उतरून न्यूमोनिया झाला होता. पलीकडे एका बाळाला घुटीने जुलाब. त्या बाळाची आजी मला म्हणाली, "घुटी तर आमच्या पाच पिढ्या देतात." माझी आई तेव्हा तिच्याशेजारी बसली होती. ती काही बोलली नाही, पण थोड्या वेळाने तिने त्या बाईला सहाण कशाने धुता ते विचारलं.

रात्री झोप यायची नाही. मेळघाटातल्या बातम्या आठवायच्या. पोट फुगलं म्हणून तान्ह्या बाळाच्या पोटावर तापलेल्या विळ्याने चटके देतात, डंबा म्हणतात त्याला. अशी बातमी आली की आमच्या घरात चहा पिता पिता सगळे चुकचुकायचे. अडाणी लोक, अंधश्रद्धा, जंगलातलं आयुष्य. मीही चुकचुकले होते. तिथल्या आईला जे वाटत असेल तेच मला पलंगावर बसून वाटत होतं, की दुखतंय खरं पण बाळाच्या भल्याचं आहे, आणि ज्या करतायत त्यांना माझ्यापेक्षा जास्त कळतं. परळच्या मोठ्या हॉस्पिटलांपासून दहा मिनिटांवर राहून आणि हातात स्मार्टफोन असून मी त्या आईपेक्षा वेगळी वागले नव्हते.

भाऊ फार चिडला होता. डॉ. दाभोलकरांच्या खुनानंतर 2013 साली जादूटोणाविरोधी कायदा झाला, त्याखाली मावशींची तक्रार करतो म्हणाला. मी नको म्हटलं. मावशी भोंदू नव्हत्या. त्यांनी कुठली सिद्धी सांगितली नव्हती, कोणाला फसवलं नव्हतं. महिन्याचे ठरलेले पैसे आणि शेवटी एक लुगडं एवढ्यावर त्या पावसातून चालत येत होत्या. आणि पैसे आम्ही दिले होते.

सहाव्या दिवशी मावशी स्वतःच वॉर्डात आल्या. कोणी सांगितलं कोण जाणे. भेटायच्या वेळेत दारात उभ्या, आत येईनात. मी त्यांना हाताला धरून आणलं. चिमीच्या छातीवरची पट्टी बघून त्यांचा चेहरा पांढरा पडला. "बाय, पन्नास वर्षं करतेय मी हे. माझ्या सासूने शिकवलं. कोणाला काही झालं नाही गं." मी त्यांना विचारलं, ज्यांना झालं असेल ते तुम्हाला सांगायला आले असते का? एखादं बाळ तापाने गेलं तर घरचे काय म्हणाले असते, ताप आला म्हणूनच ना? त्यांनी उत्तर दिलं नाही. बराच वेळ स्वतःचे अंगठे बघत बसल्या. हा प्रश्न मी रागाने विचारला नव्हता, पण तो क्रूर होता हे मला माहीत आहे.

वॉर्डातल्या सिस्टर शहाण्या. त्यांनी मावशींना खुर्ची दिली आणि बाहुलीवर दाखवलं. मालिश करा, हलका हात ठेवा, खोबरेल चालेल, जोराने ओढाताण नको. नाकात-कानात तेल नाही. छातीला हात नाही. काजळ नाही, कारण काही काजळांत शिसं असतं आणि बोटाने डोळ्यांत जंतू जातात. धूर नाही. मध वर्षभर नाही, त्यातल्या जंतूंनी बाळ लुळं पडू शकतं. सहा महिने फक्त आईचं दूध, पाणीसुद्धा नाही. मावशी ऐकत होत्या. शेवटी म्हणाल्या, "म्हणजे मालिश चालते?" सिस्टर म्हणाल्या, "चालते. तुमच्यासारखा हात कोणाचा आहे?" त्या वेळी मावशी पहिल्यांदा रडल्या.

गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी काय केलं ते मी नंतर वाचलं. त्यांनी गावातल्याच बायकांना घरोघरी जाऊन नवजात बाळाची काळजी घ्यायला शिकवलं. 1999 साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात त्याचा अभ्यास छापून आला, त्या गावांत नवजात बाळांचे मृत्यू 62 टक्क्यांनी कमी झाले होते. ते वाचताना मला ती खुर्ची आणि बाहुली आठवली. मुंबईत बाळंतिणीच्या घरी डॉक्टर येत नाही, मालिशवाली येते. दीड-दोन महिने रोज एक तास बाळ तिच्या हातात असतं. तिला शिकवायला कोणीच जात नाही आणि काही बिघडलं की सगळे तिलाच धरतात.

घरी आल्यावर महिनाभर ड्रेसिंग चाललं. आईने सहाण पोटमाळ्यावर टाकली. त्यावर आम्ही दोघी कधी नीट बोललो नाही. एकदाच, चिमीला पाजत असताना ती म्हणाली, "तुझंही मी असंच करून घेतलं होतं. तू किंचाळायचीस तेव्हा मी गॅलरीत जाऊन उभी राहायचे." मी काय बोलणार. ती निदान गॅलरीत गेली होती.

चिमी आता दुसरीत आहे. डाव्या बाजूला, बरगडीच्या वर, नखाएवढा पांढरा व्रण आहे. तिला सांगितलंय की लहानपणी गळू झालं होतं. न्हाऊ घालताना माझा हात तिथे थांबतो आणि ती म्हणते, "आई, गुदगुल्या होतात." अजून तीन-चार वर्षांनी काय ते कळेल. डॉक्टर म्हणतात काळजी करू नका, बहुतेक सगळं ठीक असेल. मी काळजी करते.

मागच्या महिन्यात मावशींचा फोन आला. त्यांना आता वाकता येत नाही, मालिशची कामं सून करते. शिवडीत एका घरी दहा दिवसांचा मुलगा आहे, छाती सुजलीय, आणि त्याची आजी पिळायला सांगतेय. सून म्हणते गिऱ्हाईक जाईल. "माझं ऐकत नाही ती. तू ये. पोरीला घेऊन ये, व्रण दाखव."

चिमीला नेलं नाही, ते तिचं अंग आहे. मी एकटी गेले. त्या आजीसमोर पाऊण तास बसले आणि सगळं सांगितलं, बारशाच्या रात्रीपासून. मावशी भिंतीला टेकून बसल्या होत्या. त्यांचं नाव मी घेतलं नव्हतं. मध्येच त्या स्वतः म्हणाल्या, "ते मी केलं होतं." आजीने बाळाला जवळ ओढून झबल्याचे बंद बांधले. उद्या काय करणार ते बोलली नाही. मी सुनेला माझा नंबर दिला आणि ताप आला तर रात्रीही फोन कर म्हणून सांगून निघाले.